गोमाने बुजवलेलं बीळ

खाडीवर पूल नव्हता, पलीकडे जायचं तर होडीनेच जायचं, तेव्हाची ही हकिकत. फार वर्षं झाली. आंबेखार गावात गोमा नावाचा एक माणूस खाडीचा बांध राखायचा. त्या गावची भातशेती खाडीपेक्षा सखल. मध्ये मातीचा एक बांध, बस्स. बांध फुटला की खारं पाणी आत, आणि एकदा जमिनीला खार चढला की गवताची काडी उगवायची मारामार. सगळ्या गावाच्या तोंडचा घास त्या बांधावर.

आणि बांधाच्या वैरिणी कोण? कुर्ल्या, म्हणजे खाडीतले खेकडे. मेल्या जिथे तिथे बिळं पाडायच्या. अमावास्या-पुनवेचं मोठं उधाण येण्याआधी गोमा बांधावरून फिरायचा. दिसेल त्या बिळात चिखल आणि पेंढा कोंबायचा, वरून चोपण्याने धोपटायचा. त्याने बुजवलेलं बीळ कधी उघडलं नाही, असं म्हणतात. त्याची त्याला घमेंडही होती. का नसावी? गावात दुसऱ्या कुणाला ते काम धड येत नव्हतं, आणि शिकायची हौसही नव्हती. "गोमा आहे ना!" म्हणायचं आणि कुशीवर वळायचं.

त्या खाडीवर घोंगी खंड्याचं एक जोडपं होतं. तुम्ही म्हणाल, खंड्या आम्ही पाहिलाय. अहो, तो चिमणीएवढा नव्हे! हा चांगला पारव्याहून मोठा. डोक्यावर उदी टोपी, अंग हळदीत बुडवून काढलेलं, पंख निळे, आणि चोच? बाप रे! लालभडक, आणि एवढी जाड की वाटावं, दुसऱ्या कुणाची उसनी आणलीय. झाडीत असा गप्प बसायचा की खालून माणूस गेला तरी पत्ता लागू नये. मग एकदम पाण्यात धप्प! मासा फांदीवर आपटून आपटून मारायचा, तेव्हा कुठे गिळायचा. कुणी जवळ आलं की खिदळल्यासारखा ओरडायचा, घारीलासुद्धा पळवून लावायचा. चोच रक्ताची म्हणून बायका सकाळी त्याचं तोंड पाहत नसत. गोमाला मात्र त्याचं कौतुक. "आम्ही दोघे बांधावरचे," असं म्हणायचा.

एके वर्षी वैशाखातल्या अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी गोमाला बांधात एक मोठं बीळ दिसलं. चांगली मूठ आत जाईल एवढं. "केवढी ही कुर्ली!" असं म्हणून त्याने चिखल कोंबला, धोपटला आणि घरी गेला. खंड्या बीळ करतो ते वरच्या अंगाला नदीच्या दरडीत, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. दरड त्या साली ढासळली होती, हेही त्याला ठाऊक होतं. पण घाईत दोन गोष्टी एकत्र आल्या नाहीत.

सकाळी तो बांधावर आला तर खंड्याचा नर पाण्यातल्या होडी बांधायच्या खांबावर बसलेला. चोचीत मासा. त्याने तो आपटला आणि नेऊन त्या बुजवलेल्या जागेवर धरला. मासा घसरून खाली पडला. पुन्हा उचलला, पुन्हा धरला. गोमाला हसू आलं. मग पक्ष्याने चोचीने माती खणायला सुरुवात केली, आणि गोमाचं हसू तिथल्या तिथे विझलं. त्याने मातीला कान लावला. आत चिरचिर चिरचिर.

"देवा रे! जिवंत गाडली मी!"

तो दोन्ही हातांनी माती ओरबाडू लागला. त्याची बायको जनी भाकरी घेऊन येत होती. तिच्या हातातलं फडकं गळून पडलं. तिची किंकाळी ऐकून गावकर धावत आला. गावकर म्हणजे गावचा मानकरी.

"गोम्या, मेल्या, वेड लागलं काय तुला? दुपारी उधाण आहे! गाव बुडवतोस?"

"आत जीव आहेत, गावकरानू."

"अरे, बाहेर अख्खा गाव आहे!"

गोमाने ऐकलं नाही. शेवटचं ढेकूळ निघालं आणि त्याने आत पाहिलं. आत मादी मेलेली होती. ती लाल चोच पार डोळ्यांपर्यंत मातीत रुतलेली. रात्रभर ती आतून खणत होती. तिची चोच आणि बाहेरची हवा यांच्यात बोटभर माती उरली होती.

"बोटभर गं, जने! बोटभर!" गोमा लहान पोरासारखा रडला.

मादीच्या मागे पिल्लं होती. उघडीवाघडी, अंगावर काटे काटे, पण जिवंत. गोमाने ती उजव्या तळहातावर घेतली. तेवढ्यात भरतीचं पाणी चढायला लागलं.

"आता तरी बुजव!" गावकर ओरडला.

"माझा हात मोकळा नाही," गोमा म्हणाला.

मग जनीने पदर खोचला आणि पहिला चिखल तिने उचलला. तिच्या मागे गावकर, त्याच्या मागे सारा गाव. ज्यांनी जन्मात चिखलाला हात लावला नव्हता, ते कोपरापर्यंत माखले. उधाण आलं, बांधाला धडका मारून गेलं. बांध टिकला.

गोमा मात्र तोवर खांबाजवळ पाण्यात जाऊन उभा राहिला होता, हात पुढे करून. नर त्याच्या डोक्यावरून ओरडत घिरट्या घालत होता. मग तो आला, मासा खांबावर आपटला आणि चक्क गोमाच्या मनगटावर बसून पिल्लांना भरवू लागला. पाहणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली!

पिल्लांना पंख फुटेपर्यंत गोमा तिथून हलला नाही, असं म्हणतात. भरती यायची, पाणी गळ्याला लागायचं, हात वरच. जनी होडीतून जाऊन घास भरवायची. झोपायचा कधी, ते मला विचारू नका. पिल्लं एकेक करून उडून गेली, तेव्हा त्याने हात खाली घेतला. पण मूठ काही मिटेना. तो तळवा मरेपर्यंत द्रोणासारखा राहिला. बीळ बुजवणं त्याला पुन्हा जमलं नाही, आणि गावाला ते शिकावंच लागलं.

आजही आंबेखारात उधाणाआधी घरटी एक माणूस बांधावर जातो. प्रत्येक बिळाशी वाकून हाक मारतो, "गोमाची आण आहे, आत कोण आहे? उधाण येतंय, बाहेर ये." मग थांबतो. उत्तर आलं नाही तर हात घालून पाहतो, आणि मगच चिखल उचलतो. आणि फक्त बिळालाच नव्हे हो. त्या गावात रिकाम्या घराला कुलूप लावतानासुद्धा बाई आधी दारातून विचारते, "आत कोण आहे?" नवी सून पहिल्यांदा ऐकते तेव्हा हसते. मग सासू तिला ती बोटभर माती सांगते, आणि पुढच्या वेळी सून स्वतःच विचारते.