चोवीस भोकं आणि पितळेची पट्टी

माळावरच्या एका गावात एक कॉलेज होतं. तिथं इंजिनिअर घडत. दगडी इमारत, मागं पत्र्याचं वर्कशॉप आणि भोवती बाभळी. सतरा वर्षांत शेकडो पोरं शिकून बाहेर पडली, पण जिल्ह्याबाहेर कॉलेजचं नाव कुणी घेतलं नव्हतं. त्या वर्षी मात्र घडलं. राज्यातल्या एकशे बारा कॉलेजांची यंत्रांची स्पर्धा झाली आणि पहिला नंबर या माळावर आला.

यंत्र होतं भुईमुगाच्या शेंगा फोडायचं. सायकलसारखं पायडल मारायचं, वरून शेंगा ओतायच्या. आतला रबरी पात्यांचा रूळ शेंग फोडी. पंखा टरफल मागच्या खिडकीतून उडवी. खाली पडे तो नुसता दाणा. वीज नको, डिझेल नको.

ते तिघांनी केलं होतं. रूळ अल्ताफ पिंजारीचा. पंख्याचं गणित तन्वी लोखंडेचं. तिनं पुढच्या पत्र्याला मोजून चोवीस भोकं पाडून घेतली होती, त्यांतून पंखा वारा ओढून घेई. आणि कल्पना होती त्यांच्या म्होरक्याची, इंद्रजित गुरवची. त्याची आई हौसाबाई जन्मभर हातानं शेंगा फोडत आली होती. थंडीत तिच्या अंगठ्यांना भेगा पडत आणि त्यांत मीठ गेल्यासारखी आग होई. ते बघत इंद्रजित मोठा झाला. दोन वर्षं तो या यंत्रापायी राबला, सुट्टीला घरी गेला नाही. हे आधी सांगितलेलं बरं, कारण पुढं त्याची चूक सांगायची आहे.

नंबराची बातमी आली तेव्हा कॉलेजात तास चालू होते. ते चालू राहिले नाहीत. पोरांनी बाकं वाजवली. प्राचार्य धावत जिना उतरले, आणि त्यांना धावताना त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं. सत्काराचा दिवस ठरला. त्या दिवशी यंत्र सगळ्यांसमोर चालवायचं होतं. सात गावांतल्या बचत गटांच्या बायका ते बघायला येणार होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत यंत्र नीट चाललं तर कॉलेजनं गावागणिक एक यंत्र करून द्यायचं, असं ठरलं. नाही चाललं तर नंबर कपाटात राहणार आणि बायकांचे अंगठे होते तसेच राहणार.

कॉलेजात एक रीत होती. पोरांनी केलेल्या वस्तूला नंबर मिळाला की तिच्यावर पितळेची पट्टी लागे, तळहाताएवढी. वर्कशॉपचे हरिबा मेस्त्री लोखंडी ठशांनी एकेक अक्षर ठोकून तिच्यावर नावं उठवत. सतरा वर्षांत अशा दोनच पट्ट्या लागल्या होत्या. एक तासांच्या घंटेवर, दुसरी पाण्याच्या टाकीवर. दोन्ही वस्तू अजून चालत होत्या.

हरिबांनी तिसरी पट्टी कापायला घेतली, तेव्हा इंद्रजित म्हणाला, "मेस्त्री, एवढीशी नको. लांबून दिसली पाहिजे."

"केवढी?"

इंद्रजितनं हातानं ताटाएवढा आकार दाखवला.

"माझ्याकडं एवढे मोठे ठसे नाहीत," हरिबा म्हणाले.

"मी तालुक्याहून करून आणतो."

त्यानं कागदावर मजकूर लिहिला. वर स्वतःचं पूर्ण नाव, दोन बोटं उंच. खाली बारीक अक्षरांत बाकीच्या दोघांची नावं. तन्वीनं कागद पाहिला.

"आमची नावं वाचायला दुर्बीण पण तूच देणार का?"

"अगं, आईसाठी करतोय. ती आता अक्षरं लावून लावून वाचते. पुढच्या रांगेतून तिला माझं नाव वाचता आलं पाहिजे."

"आणि अल्ताफच्या आईनं काय वाचायचं?"

अल्ताफ हसला. "माझ्या आईला चष्मा आहे. जाऊ दे."

इंद्रजितनं जाऊ दिलं. आईसाठी करतोय हे त्यानं इतक्यांदा सांगितलं की त्याला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं. रात्रंदिवस डोळ्यांपुढं मात्र आई नव्हती, अक्षरं होती.

सत्काराचा दिवस उजाडला. सकाळीच हलगी कडाडली. ट्रॉल्या भरभरून बायका आल्या, प्रत्येकीच्या हातात शेंगांचं गाठोडं. कुणी सांगितलं नव्हतं, पण दुसऱ्याच्या शेंगांवर भरवसा ठेवायला त्या तयार नव्हत्या. पहिल्या वर्षाची पोरं लेझीम खेळत फाटकापर्यंत गेली आणि पाहुण्यांना घेऊन आली. पाहुण्या म्हणजे जिल्ह्याच्या शेती खात्यातल्या मोठ्या बाई. तन्वी त्यांच्या स्वागताला उभी होती. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती.

इकडं वर्कशॉपमध्ये पट्टी येऊन पडली होती. आरशासारखी झळकत होती. पण ती लावायची कुठं? एवढी सपाट जागा यंत्राला पुढच्या पत्र्यावरच होती. तिथं चोवीस भोकं होती.

"मागं लाव," अल्ताफ म्हणाला.

"मागं कोण बघणार?"

हरिबांनी भोकांवरून बोट फिरवलं. "यातनं पंखा श्वास घेतो. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे, मेस्त्री. पाच मिनिटांचं तर काम आहे. बाजूच्या फटींतून थोडाफार वारा जाईलच. उद्या काढू."

हरिबांनी पेचकस त्याच्या हातात दिला. "मग तूच बसव. माझ्या हातानं व्हायचं नाही."

इंद्रजितनं बसवली. चार कोपऱ्यांना चार स्क्रू, चांगले आवळून. मग यंत्र एकदा चालवून बघायला हवं होतं. पण बाहेर त्याच्या नावाचा पुकारा सुरू झाला होता आणि फेटा बांधणारा वाट बघत होता. तो गेला.

सत्कार सुरू झाला. विद्यापीठात पहिली आलेली मुलगी, धावण्यात पदक आणणारा मुलगा, पूल बांधण्याच्या चढाओढीत नंबर काढलेली पोरं, एकेक जण मंचावर आला. प्रत्येकाला टाळ्या. मग यंत्रावरचं कापड काढलं. ऊन पितळेवर पडलं आणि मांडवात एकच गलका उठला. पुढच्या रांगेत हौसाबाई बसली होती. मांडीवर गाठोडं होतं. ओठ हलत होते, ती अक्षरं लावत होती. इंद्रजितचा ऊर भरून आला.

"पहिल्या शेंगा कुणाच्या?" प्राचार्यांनी विचारलं.

"माझ्या आईच्या," इंद्रजित म्हणाला.

हौसाबाईनं गाठोडं दिलं. अल्ताफनं शेंगा ओतल्या. इंद्रजित पायडलवर बसला.

रूळ फिरला. शेंगा कडकड फुटू लागल्या. खालच्या घमेल्यात दाणे पडले, गुलाबी, टपोरे. बायका उठून उभ्या राहिल्या. कुणी शिट्टी मारली. मिनिट गेलं. मग दाण्यांबरोबर टरफलं पडू लागली. मग दाणे कमी आणि टरफलं जास्त. मागच्या खिडकीतून काहीच उडत नव्हतं. दाणा गळायची चाळण बुजली. पायडल जड झालं. इंद्रजितनं सगळा जोर लावला. यंत्र कण्हलं आणि थांबलं.

हलगीही थांबली.

मागून एक बाई म्हणाली, "ह्याच्यापरास माझी सासू बरी. ऐंशीची हाय, पण अशी मधीच अडत न्हाई."

मांडव हसला. हसणं ओसरलं तशा दोघीतिघी गाठोडी उचलून ट्रॉलीकडं वळल्या. बाकीच्यांनीही पदर खोचले.

इंद्रजितला कारण कळलं होतं. पहिलं टरफल घमेल्यात पडलं तेव्हाच कळलं होतं. त्याच्या गुडघ्यासमोर त्याचं नाव झळकत होतं आणि त्यामागं पंखा गुदमरत होता. कपाळावरून घाम फेट्यात उतरला.

प्राचार्यांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. त्यांना कॉलेजची अब्रू राखायची होती. "शेंगा ओलसर असतील," ते म्हणाले. "ओली शेंग कुठल्याच यंत्रात नीट फुटत नाही. काय इंद्रजित?"

पाहुण्या बाई त्याच्याकडं बघत होत्या. सगळा मांडव बघत होता. नुसती मान हलवायची होती. नाव पितळेवर राहिलं असतं, नंबर राहिला असता आणि दोष शेंगांवर गेला असता.

तेवढ्यात हौसाबाई उठली. खालमानेनं म्हणाली, "असतील ओल्या, साहेब. माझंच चुकलं. त्याचं यंत्र बेस हाय."

इंद्रजितनं आईकडं पाहिलं. त्या शेंगा तिनं आठ दिवस छपरावर वाळवल्या होत्या. सकाळी पसरायच्या, संध्याकाळी दवाच्या भीतीनं गोळा करायच्या. फोनवर तिनं त्याला रोज सांगितलं होतं. तिच्या शेंगा ओल्या नव्हत्या, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आणि ती सात गावांपुढं ओल्या म्हणत होती.

तो पायडलवरून उतरला. गाठोड्याच्या तळाशी राहिलेली एक शेंग उचलली, ध्वनिक्षेपकाजवळ धरली आणि हलवली. आतला दाणा खुळखुळ वाजला. सगळ्या मांडवानं तो आवाज ऐकला. वाळलेली शेंग कशी वाजते हे त्या बायकांना सांगावं लागत नव्हतं. ट्रॉलीकडं निघालेल्याही थबकल्या.

"शेंगा वाळलेल्या आहेत," इंद्रजित म्हणाला. त्यानं पट्टीवर हात ठेवला. "माझ्या आईचं काही चुकलं नाही. यंत्राचंही नाही. या पट्टीमागं चोवीस भोकं आहेत. पंखा त्यातून वारा घेतो. माझं नाव लांबून दिसावं म्हणून मी ती बुजवली. मेस्त्रींनी सांगितलं होतं. अल्ताफनं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

मग त्यानं पेचकसासाठी इकडंतिकडं पाहिलं. शोधावा लागला नाही. हरिबा मंचाच्या पायरीशी उभे होते आणि पेचकस त्यांच्या हातात होता. पट्टी बसल्यापासून तो त्यांनी खिशात ठेवला नव्हता.

एक स्क्रू. दोन. तीन. चौथा आवळून बसवला होता, तो निघेना. हातावर फेट्याचा शेमला येत होता. इंद्रजितनं फेटा काढून अल्ताफकडं दिला आणि दोन्ही हातांनी जोर लावला. पट्टी सुटून मंचावर आदळली.

तन्वी धावत आली. तिनं पट्टी पाहिली, भोकं पाहिली.

"चोवीसच्या चोवीस? एक तरी सोडायचंस."

"सोडलं असतं तर माझं आडनाव बसलं नसतं."

ती हसायचं नाही असं ठरवूनही हसली. तिघांनी मिळून चाळण साफ केली. इंद्रजित पायडलकडं वळला, पण मधे हौसाबाई उभी होती. तिनं काष्टा खोचला होता.

"व्हय बाजूला. बाईमाणसाला जमतंय का, ते बाईमाणसानंच बघावं."

ती बसली. पायडल फिरलं. चोवीस भोकांतून वारा आत शिरला, त्याचा घूं घूं आवाज पुढच्या रांगेला ऐकू गेला. आणि मागच्या खिडकीतून टरफलांचा लोट उठला. पट्टीचं तोंड लोकांकडं हवं म्हणून यंत्र वळवून ठेवलं होतं, त्यामुळं मागची खिडकी बरोबर मंचावरच्या पाहुण्यांच्या खुर्च्यांकडं आली होती. प्राचार्यांचा कोट, मोठ्या बाईंचे केस, हारांचं तबक, सगळं टरफलांनी भरलं. बाई खोकल्या, मग डोळे पुसत हसल्या. म्हणाल्या, "थांबवू नका. चालू दे."

खाली घमेल्यात नुसता दाणा. एक टरफल नाही.

मग मांडव आवरेना. हलगी पुन्हा कडाडली. बायका मंचावर चढल्या. "माझ्या घाल, माझ्या घाल." सासूची गोष्ट काढणारी बाई सर्वांत पुढं होती. एकीनं पायडल सोडलं की दुसरी बसे. आभाराचं भाषण तीनदा सुरू झालं आणि तीनदा बुडालं. दुपार कलली तेव्हा सातही गावांची यंत्रं ठरली होती आणि मंचावर घोट्यापर्यंत टरफलं साचली होती. सत्काराचे हार कुठं गेले ते कुणालाच कळलं नाही.

गर्दी सरल्यावर इंद्रजित आईजवळ बसला. म्हणाला, "तुला नाव वाचता यावं म्हणून केलं होतं गं."

हौसाबाई पदरातले दाणे निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"नाव मीच ठिवलंय तुझं. ते मला वाचून कशाला कळाया पायजे? दाणा खा."

त्यानं खाल्ला.

दुसऱ्या दिवशी हरिबांनी त्या मोठ्या पट्टीच्या कडा वाकवल्या आणि तिची पन्हळ केली. यंत्राच्या तोंडाखाली ती बसवली. कोऱ्या बाजूवरून दाणा घमेल्यात घरंगळतो, अक्षरं खालच्या अंगाला आहेत. तळहाताएवढी नवी पट्टी पायडलच्या दांड्याला लागली. तीन नावं, एकाच ठशाची. कुठलं आधी ठोकायचं ते हरिबांनी कुणाला विचारलं नाही. पहिलं तन्वीचं ठोकलं, भोकं तिची होती म्हणून.

सात गावांत त्या पट्टीवरची नावं कुणी घेत नाही. तिथं शेंगा फोडायच्या यंत्राला हौसाबाईचं यंत्र म्हणतात. आता इंजिनिअर झालेला इंद्रजित ते स्वतः सगळ्यांना सांगतो, आणि सांगताना त्याची मान ताठ असते.

तात्पर्य: काम मोठं केलं तर त्याचा आनंद जरूर करावा, पण आपलं नाव कामाच्या वाटेत आणू नये. आणि चुकून आणलंच, तर दोष दुसऱ्यावर न ढकलता चारचौघांसमोर ते आपल्याच हातानं काढावं.