गाळाची पाटी

"शेवटी कोणता?" ढोलेभाऊंनी विचारलं. "एवढे अठ्ठावीस नरक आहेत म्हणता. त्यातला माझा कोणता?"

ते बारवेच्या काठावर उभे होते. खाली, गुडघाभर चिखलात, धुंडीनाथ महाराज फावड्याने गाळ ओढत होते.

महाराजांनी वर पाहिलं नाही.

अठ्ठावीस नावं मी सांगितली होती. मठातल्या पोथ्या वाचण्यात माझा जन्म गेला, दुसरं काही येत नाही. हॉटेलातला पोऱ्या पदार्थ सांगतो आणि गिऱ्हाईक ऐकतं, तशी भाऊंनी ती ऐकून घेतली होती.

ढोलेभाऊ म्हणजे शहरातल्या मोठ्या टोळीचे म्होरके. वर्तमानपत्रं त्यांना पाताळाचा राजा म्हणत. त्यांना ते आवडायचं. पण साठी उलटल्यापासून झोप येईना, म्हणून मठात आले होते. मठात महाराज नव्हते, म्हणून भाऊ इथं बारवेवर आले. चैत्र लागायच्या आत बारव साफ करायची त्यांची रीत होती.

"खाली या," महाराज म्हणाले. "मग सांगतो."

"इथूनच ऐकू येतंय की."

"मला तुम्ही दिसत नाही. डोळ्यांवर ऊन येतं."

भाऊ हलले नाहीत. महाराजांच्या वरच्याच पायरीवर मी दोरीला बांधलेला कंदील खाली सोडून बसलो होतो. तो भाऊंना दिसला.

"भर दुपारी कंदील? बाबांची नजर गेली वाटतं."

"तो उजेडासाठी नाही. गाळ ढवळला की वाईट हवा सुटते. दिवा विझला तर माणसानं खाली थांबायचं नाही," महाराज म्हणाले.

"आणि जळत असला तर?"

"काम करायचं."

भाऊ हसले. महाराजांनी पाटी भरली.

"तुम्हाला पाताळाचा राजा म्हणतात ना?"

"लोक म्हणतात."

"किती वेळा उतरलात?"

"कुठं?"

"पाताळात."

"राजा कशाला उतरेल, बाबा? माझी माणसं उतरायची."

"बळीराजा स्वतः उतरला. डोक्यावर देवाचा पाय घेऊन. म्हणून देव अजून त्याच्या दारात पहारा देतो."

"पहारा माझ्याही दारात असतो."

"तो कुणी आत येऊ नये म्हणून."



मधल्या पायरीवर यमुनाबाई होत्या. खालून आलेली पाटी घ्यायची आणि वर नेऊन ओतायची, हे त्यांचं काम. तालुक्यात कुठंही विहिरीचा गाळ निघायचा असला की त्या न बोलावता येत. मजुरी घेत नसत.

पाटी घ्यायला त्या वाकल्या. म्हणाल्या, "महाराज, काही सापडलं का?"

"नाही, माय."

दर पाटीला त्या हेच विचारत. महाराज दर वेळी तितक्याच हळुवारपणे तेच उत्तर देत. सकाळपासून मी चाळीसएक वेळा ऐकलं असेल. एकदाही त्यांचा सूर बदलला नाही.

"काय हरवलंय हिचं?" भाऊंनी विचारलं.

बाई वळल्या. त्यांनी भाऊंना आधीच ओळखलं होतं.

"माझे मालक," त्या म्हणाल्या. "अंकुश. तुमच्या गाडीवर होते. अकरा वर्षं झाली. तुम्हाला विचारायला आले होते मी. तुम्ही म्हणालात, मुंबईला गेला असेल, येईल."

त्यांच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं.

"मेल्याचं कळलं असतं तर दिवस तरी घातले असते," त्या म्हणाल्या आणि पाटी घेऊन वर गेल्या.

 भाऊंनी चपला काढल्या. गाडीजवळची दोन माणसं पुढे आली. भाऊंनी हातानेच त्यांना थांबवलं.

मग ते उतरू लागले. भिंतीला हात धरून, एकेक पायरी. शेवटी चिखलात पाय टाकला, तेव्हा त्यांची पांढरी विजार गुडघ्यापर्यंत काळी झाली.

"या बारवेत नाही तो," ते कुजबुजले.

महाराज फावडं ओढतच राहिले.

"टेकडीमागच्या जुन्या दगडखाणीत आहे. माझ्याच सांगण्यावरून..."

"मला कशाला सांगता? कुंकू मी लावत नाही."

महाराजांनी गाळाने भरलेली पाटी उचलली आणि भाऊंच्या डोक्यावर ठेवली.

भाऊंची मान दबली. चिखलाचा ओघळ कपाळावरून नाकाशी आला. तो पुसायला हात मोकळा नव्हता. ते वळले आणि चढू लागले.

मधल्या पायरीवर यमुनाबाई आल्या होत्या. सवयीने त्यांनी हात पुढे केले. सवयीनेच विचारलं,

"काही सापडलं का?"

"हो," भाऊ म्हणाले.

बाईंचे हात तसेच राहिले...

भाऊंनी खाणीचं सांगितलं. कुणाच्या हुकमावरून, तेही सांगितलं. पाटी डोक्यावरच होती.

बाईंनी ती उतरवून घेतली. पायरीवर ठेवली. शेजारी बसल्या. घाम पुसावा तसं पदराने हळूहळू कपाळ पुसलं.

"उद्या चौकीवर चला," त्या म्हणाल्या. "तिथंही असंच सांगा."

"सांगतो."

बाई पाटी उचलून वर गेल्या. ओतली. रिकामी पाटी आणून भाऊंच्या हातात दिली. काही विचारलं नाही.

भाऊंनी खाली वाकून पाहिलं. 

"महाराज... आता तरी सांगा. माझा नरक कोणता?"

महाराजांनी माझ्याकडे पाहिलं.

"दिवा विझलाय का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग या खाली, भाऊ. गाळ अजून आहे."