एक बाटली राहिली

“म्हणजे सगळ्यांचं तपासून झालं?” बुवांनी विचारलं.

“सगळ्यांचं,” आमचे साहेब म्हणाले. “मागल्या साली केलं, यंदाही केलं. विहिरीचं पाणी, दूध, विरजण, लाह्या, पोहे, भांडीकुंडी. मठात राहणारा आणि मठात जेवणारा एकूण एक माणूस.”

साहेब म्हणजे डॉक्टर प्रल्हाद लोमटे. माणसांना रोग कशानं होतात, कुठून येतात, याचं संशोधन करणारे मोठे शास्त्रज्ञ. मी त्यांच्या प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ. नाव भारदस्त आहे. काम विचाराल तर संध्याकाळी घरोघर बाटल्या वाटायच्या आणि सकाळी भरलेल्या गोळा करायच्या. त्यात काय भरलेलं असतं ते विचारू नका. मी दिसलो की गावातल्या बायका पदर नाकाला लावायच्या. बुवा तर मला ‘बाटलीवाले’ म्हणूनच हाक मारायचे.

बुवा म्हणजे भानगीर बुवा. कोरडवाडीच्या मठाचे मठाधिपती. साहेब शाळेत असताना याच मठात जेवून शिकले. बाहेर भल्याभल्यांना न जुमानणारा हा माणूस बुवांच्या ओसरीवर मांडी घालून, खाली मान घालून बसायचा.

त्या मठात दर साली सप्ताह उठला की पंधरवड्यात विषमज्वराची साथ यायची. टायफॉइड म्हणतात तोच. यंदा त्यात शेवंता गेली. सोनवळ्यांची लेक. लग्नानंतरच्या पहिल्या सणाला माहेरी आली होती, ती परत सासरी गेलीच नाही.

“मग जंतू कोणात निघाला?” बुवा म्हणाले.

“कोणातच नाही.”

“मग?”

“मग उरते गिरजाबाई.”

गिरजाबाई मठातला स्वयंपाक करायची. मागेपुढे कोणी नाही. मठ हेच तिचं माहेर आणि मठ हेच सासर.

“तिच्यात निघाला का?”

“नाही. पण तिला लहानपणी विषमज्वर झाला होता. असा माणूस बरा होतो, धडधाकट हिंडतो, आणि जंतू मात्र त्याच्या पोटात मुक्काम ठोकून राहतो. तपासणीत कधी सापडतो, कधी हुलकावणी देतो. बाकी सगळ्यांची नावं कटली, बुवा. दुसरं कोणी असूच शकत नाही.”

असूच शकत नाही! साहेबांचं हे वाक्य मला पाठ होतं. ते म्हणताना त्यांची हनुवटी जरा वर जायची.

बाहेर अंगणात गलका चालला होता. गिरजाबाईची दोनदा विचारपूस झाल्यावर गावाला कळायचं काय राहतं? तिची ट्रंक कोणीतरी आधीच रस्त्यावर फेकली होती. शेवंताचा बाप काठी घेऊन उभा होता. “बाहेर काढा तिला! माझी लेक खाल्ली तिनं!” त्याचा आवाज आत ओसरीपर्यंत येत होता. साहेबांनी बाहेर जाऊन एक शब्द उच्चारला असता, तर त्या बाईची धडगत नव्हती.

बुवा साहेबांकडे वळले.

“गिरजाचं अन्न चुलीवर रटरटतं. त्यात तुझा जंतू जगतो?”

“नाही जगत. पण काला चुलीवर चढत नाही, बुवा. ताप काल्यातून जातो, हे मी मागल्या सालीच ताडलं होतं.” साहेब खुलले. “आणि काल्याचं दही, लाह्या, लोणचं, सगळं गिरजाबाईच आणून ठेवते.”

“आणून ठेवते. कालवतं कोण?”

...

त्या मठाची रीत अशी, की सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी घरोघरचं दही, लाह्या, पोहे एका परातीत जमा होतात. मठाधिपतीनं ते आपल्या हातानं कालवायचं आणि आपल्या हातानं एकेकाच्या तोंडात घास घालायचा. चमचा नाही, पळी नाही. हात म्हणजे हातच.

“बुवा, चेष्टा करताय गरिबाची,” साहेब हसले.

बुवा हसले नाहीत.

“माझी बाटली कुठाय, प्रल्हादा?”

“आपली...?”

“सगळ्यांचं तपासलं म्हणालास. मी काय हवा खाऊन राहतो? मागल्या साली मागितली नाहीस. यंदा नाहीस.”

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. “आपल्याकडे ते... कसं मागणार, बुवा? काहीतरीच काय!”

“गुरुमाउली होती तोवर काला ती कालवायची. तेव्हा ताप नव्हता. ती गेली, गादीवर मी बसलो. आता तू सांग, ताप कधीपासून आहे?”

साहेब बोटांवर वर्षं मोजायला लागले. मध्येच बोट थांबलं.

“आणि तरुणपणी मलाही साधा पडसं-ताप नव्हे, चांगला महिनाभराचा ताप आला होता. केस गळाले होते. ते तू विचारलंच नाहीस.”

बुवांनी माझ्यापुढे हात पसरला.

“बाटलीवाले, द्या एक.”

ज्या हाताला लोक डोळे लावतात, त्यावर मी ती बाटली ठेवू? साहेबांनी तर माझ्या पिशवीवर पंजाच दाबून धरला. पण बुवांचा हात काही मागे जाईना...

शेवटी दिली.

“नाव लिहा वर. सगळ्यांचं लिहिता तसं.”

‘भानगीर’ असं मी लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं.

मग बुवा अंगणात गेले. “कारण अजून कळलेलं नाही,” एवढंच म्हणाले. “कळेपर्यंत गिरजाला कोणी बोट लावलं, तर मठाची पायरी चढायची नाही.” रस्त्यावरची ट्रंक त्यांनी स्वतः उचलून आत आणली. शेवंताचा बाप धुसफुसत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेली बाटली घेऊन परत येताना जीपमध्ये साहेब माझ्यावरच उखडले. “दिलीस कशाला बाटली? अक्कल आहे का?”

मी म्हटलं, “मागितली त्यांनी.”

“फेकून दे ती.”

मी फेकली नाही. माझाही स्वभाव जरा तिरसटच आहे. घेतलेला नमुना तपासायचा, हे मला साहेबांनीच शिकवलं होतं.

नमुना काचेच्या बशीत लावला. तो जंतू असला तर त्या बशीत काळे ठिपके उगवतात. नसला तर नाही. आजवर अशा बशा मी ढिगानं पाहिल्या असतील. त्या दिवशी झाकण उचललं आणि माझे डोळे कपाळात गेले.

बशीभर काळे ठिपके.

मी काही न बोलता ती साहेबांपुढे ठेवली. त्यांनी एकदा बशीकडे पाहिलं, एकदा वरच्या नावाकडे. खुर्ची शेजारीच होती, पण ते जमिनीवर बसले.

“चिठ्ठी चुकली असेल.”

“नाही, साहेब.”

“बाटली बदलली असेल कोणाची तरी.”

“एकच होती, साहेब.”

त्यांनी पुन्हा सगळं आपल्या हातानं केलं. पुन्हा तेच उगवलं. मग हा एवढा मोठा माणूस टेबलाला डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. मी चहा सांगायला गेलो, आणि न सांगताच परत आलो.

मठात पोचलो तेव्हा बुवा गोठ्यापाशी वैरण टाकत होते. आमची तोंडं बघून त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली.

“बोल.”

“पाणी, बुवा,” साहेब म्हणाले. “विहिरीचं पाणी खराब होतं.”

मी चमकलोच! ज्या माणसाला आकड्यातली एक चूक सापडली म्हणून सहा महिन्यांचं काम फाडून टाकताना मी पाहिलं होतं, तो माणूस धडधडीत खोटं बोलत होता.

“विहीर स्वच्छ म्हणाला होतास.”

“ते... चुकलं होतं.”

बुवा माझ्याकडे वळले. “बाटलीवाले, तुम्ही सांगा.”

माझी मान खाली गेली. त्यांना कळायचं ते कळलं.

बुवांनी आपला उजवा हात डोळ्यांपुढे धरला. उलटा केला, सुलटा केला...

“पहिला घास तिलाच दिला होता,” ते म्हणाले. “नवी नवरी म्हणून. लाजत होती. मीच म्हटलं, पोरी, तोंड मोठं उघड.”

आणि त्यांना रडू कोसळलं. गाय वैरण सोडून त्यांच्याकडे बघत राहिली.

साहेब घाईघाईनं बोलायला लागले. “कोणाला कळायचं काही कारण नाही, बुवा. औषध आहे यावर. गोळ्या घ्या, नाहीतर जंतू जिथे दडून बसतो ते पित्ताशयच काढून टाकू. पाणी म्हटलं की गिरजाबाईही सुटते. मठाचं नाव राहतं...”

“पाणी म्हटलं की लोक विहीर बुजवतील,” बुवा म्हणाले, “आणि काला माझ्याच हातचा खातील.”

त्यांनी डोळे पुसले, आणि गोठ्यातून थेट देवळाकडे चालू लागले. घंटेचा टोल पडला तसं सगळं गाव धावत आलं. अवेळी घंटा, म्हणजे काहीतरी भयंकर घडलंय, एवढं सगळ्यांना कळलं होतं. गिरजाबाई खांबाआड अंग चोरून उभी होती. तिला वाटलं, आपला निकाल लागला.

बुवा पायरीवर उभे राहिले.

“ताप माझ्यामुळे येतो,” ते म्हणाले. “त्याचा जंतू माझ्या पोटात आहे. तिथून हाताला आणि हातातून काल्यात. शेवंता माझ्या हातचा घास खाऊन गेली. गिरजाचा काडीचा दोष नाही.”

...

एकदम कल्लोळ उठला.

“डॉक्टर खोटारडा आहे!”

“मठाचं खाऊन मठावर उलटला!”

कोणीतरी साहेबांची कॉलर धरली. चष्मा खाली पडला. मी मध्ये घुसलो तर माझ्याही पाठीत धपाटा बसला. गिरजाबाईवर नुसता संशय होता तर यांना पुरावा लागला नव्हता. आता पुरावा होता, तर तो नको होता!

“प्रल्हादा,” बुवांचा आवाज आला. “सगळ्यांसमोर सांग. खरं आहे का?”

साहेबांची कॉलर अजून कोणाच्या तरी मुठीत होती.

“खरं आहे,” ते म्हणाले. “मी दोनदा तपासलं. खरं आहे.”

मूठ सैल झाली.

शेवंताचा बाप पुढे आला. तीच काठी हातात होती. आता ती बुवांच्या डोक्यात बसणार, असंच मला वाटलं. बुवांनी तर मान पुढे केली.

त्यानं काठी खाली ठेवली. पायरीवर कपाळ टेकलं.

“बुवा,” तो हुंदके देत म्हणाला, “म्या उगाच रडत बसलो की वो! माझ्या लेकीचं सोनं झालं. मरायचं कुनाला चुकलंय? पर ती तुमच्या हातून गेली.”

“खरंय, खरंय,” मागून लोक म्हणाले. “नशिबवान पोर!”



एक म्हातारी गर्दीतून वाट काढत पुढे आली. तिनं ओंजळ पसरली. “मला द्या बुवा घास. काय बी द्या, पर हातानं द्या. माझं आता काय ऱ्हायलंय?” तिच्यामागे दुसरी उभी राहिली. तिच्यामागे एक बाप्या. बघता बघता पायरीपासून वेशीकडे रांग लागली. रांगेत गिरजाबाईसुद्धा होती. जिची ट्रंक रस्त्यावर फेकली होती, तीही डोळे पुसत ओंजळ धरून उभी!

शेवंताची आई तेवढी जागची हलली नाही. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती बुवांच्या हाताकडे बघत होती.

उजवा हात बुवांनी पाठीमागे नेला, आणि डाव्या हातानं घट्ट धरून ठेवला.

त्यांनी ती रांग पाहिली. मग साहेबांकडे पाहिलं. साहेबांचा चष्मा अजून मातीत पडला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि बुवांपुढे त्यांचे दोन्ही हात जोडलेले होते.

“प्रल्हादा,” बुवा म्हणाले, “लिहून घे. तापाचं कारण आत्ता सापडलं.”