आजोबांचा अंगरखा, आजोबांचा एसी

"नवा गॅस भरा, पण आमच्या आजोबांच्या एसीचा एक स्क्रू जरी बदललात तर खबरदार! दसऱ्याच्या दरबारात गार वारा सुटला नाही, तर तुमचं दुकान संस्थानाबाहेर!" तुळाजीराव महाराज गरजले.

भिकाजी मेकॅनिक डोकं धरून दुकानात परतला. जुना गॅस म्हणे आभाळाचं कवच पोखरतो, म्हणून बंद झालेला. आणि नव्या गॅसचा दाब एवढा दांडगा, की जुन्या मशीनच्या नळ्याच फुटायच्या! पण महाराजांना सांगणार कोण? त्यांच्या घराण्यात तीन पिढ्यांत काही बदललं नव्हतं. अक्कलसुद्धा!

"बाबा, मी बघते," त्याची लेक ठकू म्हणाली. म्हणाली खरी, पण तिलाही उपाय सुचत नव्हता. विचार करत ती शेजारच्या गणबा शिंप्याकडे टेकली. गणबा दार लोटून महाराजांचा दसऱ्याचा अंगरखा उसवत बसला होता.

"दरवर्षीचंच गं," तो कुजबुजला. "बोलू नकोस कुठं!"

ठकू खुदकन हसली आणि पाना-पकड घेऊन थेट राजवाड्यावर गेली.

दसरा उजाडला. दरबार खच्चून भरला, आणि एसी बंद! महाराज घामाने निथळत होते.

"कुठाय गार वारा?"

"अभय असेल तर आधी एक विचारते," ठकू पुढे होऊन म्हणाली. "हा अंगरखा कुणाचा, महाराज?"

"दिलं अभय! आजोबांचा! एक टाका बदललेला नाही!"

"जरा दोन्ही हात वर करता?"

महाराजांनी ऐटीत हात वर केले. काखेत नव्या कापडाचे जोड, पाठीला पट्टी, आणि पोटावर तर वीतभर ठिगळ! गणबाने डोळेच मिटून घेतले.

"म्हणजे अंगरखा नवा झाला म्हणायचा?"

"छट्! आजोबांचाच तो! आमचं पोट सुटलं, त्याला काय करणार? तसाच चढवला असता तर टराटरा फाटला असता!"

"नव्या गॅसचं पोटही तसलंच, महाराज! म्हणून सागवानी खोका आजोबांचाच ठेवला, आतलं मशीन तेवढं नव्या मापाचं घातलं. कालच! आता परवानगी तेवढी द्या."

महाराज लालबुंद झाले. मग असे खो खो हसले, की पोटावरचं ठिगळ टर्रकन उसवलं!

"दाब बटण, कारटे! गणबा, सुई आण! भिकाजीचं दुकान आहे तिथंच राहील, आणि या पोरीला दरबारी मेकॅनिकची पगडी द्या!"

गार वारा सुटला. पगडी आली, ती ठकूच्या नाकापर्यंत घसरली.

"आजोबांची दिसतेय," ती आतून म्हणाली. "गणबाकाका, दोन टाके इथंही घाला!"