वाळूवरची सहा वल्ह्यांची होडी

फार पूर्वी, शूर्पारक नगरात सागरपाल नावाचा राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्वाने खाडीकाठच्या एका कोळ्यांच्या गावात नौका बांधणाऱ्या सुताराच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव सामिदत्त. फळीला फळी जोडून तो काथ्याने अशी शिवत असे की समुद्राला आत यायची वाट सापडत नसे. त्याच गावात कान्हिल नावाचा वयस्क कोळी राहत होता. खरे सांगायचे तर ही गोष्ट कान्हिलाचीच आहे. बोधिसत्त्व तिच्यात थोडेच बोलतो.

त्या वर्षी पावसाळा सरला आणि कान्हिलाची होडी पाण्यात उतरलीच नाही. खाऱ्या पाण्यातल्या किडीने तिचा तळ पोखरून टाकला होता. सामिदत्ताने फळीवर अंगठा दाबला, तो आत गेला.

"हिला आता ठिगळ लावता येणार नाही रे," तो म्हणाला. "हिला निरोप दे."

कान्हिलाने मान हलवली आणि तो घरी जाऊन दिवसभर पडून राहिला. जेवायलाही उठला नाही.

होडी त्याच्या बापाने बांधून घेतलेली. सहा वल्ह्यांची, एवढी मोठी होडी गावात दुसरी नव्हती, म्हणून सगळे तिला 'थोरली' म्हणत. तिच्यात बाप असे, कान्हिल असे, त्याचा धाकटा भाऊ सुदंत, मेहुणा तिस्स, चुलतभाऊ भद्रक आणि लहानपणापासूनचा सोबती इसिदास. भद्रक वल्हवता वल्हवता झोपत असे आणि झोपेतही त्याचे वल्हे चुकत नसे. इसिदास होडीतच मातीच्या चुलीवर कालवण शिजवी. त्याच्या हाताला चव होती आणि तोंडाला लगाम नव्हता. सुदंत सगळ्यांत उंच. त्याचे पाय मावत नसत, म्हणून तो पुढच्या फळीवर टाच रोवून बसे आणि हसे. पहाटे खाडीच्या मुखातून बाहेर पडताना सहाही वल्ही एकदम पाण्यात पडत. तो आवाज कान्हिलाच्या कानात अजून होता. डोळे मिटले की तो पुन्हा त्या होडीत जाऊन बसे, आणि तिथून उठायला त्याला जिवावर येई.

आता बाप नव्हता. भद्रक म्हातारपणाने गेला. इसिदास व्यापाऱ्यांच्या गलबतावर चढून पश्चिमेच्या देशांना गेला, तो परतला नाही. सुदंताला समुद्राने नेले. त्याची बायको मित्ता मागे राहिली, आणि तिचा मुलगा नंदक. नंदक आता चांगला खांद्याला खांदा लावणारा गडी झाला होता. म्हणजे होडीत बसायला उरले तिघे: कान्हिल, गुडघे धरून चालणारा तिस्स आणि नंदक.

त्या किनाऱ्यावर एक रिवाज होता. मासळीची वाटणी करताना पहिला वाटा होडीचा काढीत, मग जाळ्याचा, मग माणसांचा. होडी आयुष्यभर आपल्याला पोसते, तिच्या मागे तिची लेक यायला हवी, असे जुनी माणसे म्हणत. होडीच्या वाट्याची नाणी कान्हिलाच्या घरी एका घड्यात साठत आली होती. तो घडा एकट्याचा नव्हता, होडीत बसणाऱ्या सगळ्या घरांचा होता. पण त्याचे तोंड उघडायचा मान कान्हिलाचा.

त्याने घडा सामिदत्तापुढे रिता केला. सामिदत्ताने नाणी पाहिली, मनाशी हिशेब केला आणि म्हणाला, "तिघांपुरती धाकटी होडी बांधली तर यातलं निम्म्याहून जास्त मागं उरेल. नवं जाळं होईल, दोर होतील, पावसाळ्याचे तांदूळ होतील. थोरलीसारखी हवी तर घड्यात खडखडाट."

"थोरलीसारखी नको," कान्हिल म्हणाला. "थोरलीच हवी. जशी होती तशी. बोटभर कमी नको."

तिस्स भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "दाजी, अंथरूण बघून पाय पसरावेत."

"अंथरूण माझ्या बापाचं आहे."

"असेना. पण पसरायला पाय तिघांचेच आहेत, आणि त्यातले माझे दोन तर धड पसरतही नाहीत."

कान्हिल हसला नाही. घर पाहावे बांधून म्हणतात. होडीचेही तसेच आहे. मनात बांधताना खर्च येत नाही, आणि मनातल्या होडीला कधी वाराही उलटा लागत नाही. कान्हिल थोरलीचे दिवस रोज आठवीत असे, पण ताटात मासा वाढताना आई लेकरासाठी काटे काढून टाकते तसे तो त्यातले काही काढून टाकी. म्हणून त्याच्या आठवणीतली मासळी नेहमी बिनकाट्याची असे.

हा बेत ऐकून मित्ता सामिदत्ताच्या कामाच्या मांडवात गेली. थोरल्या दिरासमोर ती कधी मान वर करून बोलली नव्हती, तेव्हा त्याला विचारणे शक्यच नव्हते. तिने सुताराला एवढेच विचारले, "दादा, तिघांच्यानं ती ओढवेल का?"

"वारा पाठीशी असेल तर ओढवेल."

"आणि फिरला तर?"

सामिदत्ताने हातातला लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला. मित्ता आली तशी परत गेली. हे कान्हिलाला पुष्कळ उशिरा कळले.

आता सामिदत्ताची गोष्ट अशी की त्यालाही ती होडी बांधायची होती. त्याच्या मांडवात सागाचा एक लांब, सरळ ओंडका पडलेला होता. कान्हिल आला तेव्हा त्याने त्यावर हात फिरवला आणि लपवाछपवी न करता सांगितले, "अशी होडी माझ्या हातून कधी झाली नाही रे. थोरली माझ्या बापानं बांधली होती. मरायच्या आधी एकदा बांधावी असं मलाही वाटतं. मजुरीही दुप्पट मिळेल."

"मग अडलंय कुठं?"

सामिदत्त ओंडक्यापासून बाजूला झाला. नाही म्हणणे सोपे होते. पण त्याने नाही म्हटले असते तर कान्हिल खाडीपलीकडच्या सुताराकडे गेला असता, आणि भरलेला घडा पाहून 'तुम्ही किती जण' असे विचारणारा तो सुतार नव्हता. आणखी एक गोष्ट सामिदत्त जाणून होता. कान्हिलाच्या मनात जे होते ते दुःख होते, आणि दुःखाला हिशेब दाखवून काही उपयोग होत नाही.

तो म्हणाला, "उद्या ओहोटीला वाळूवर या. माप घेऊ."

होडी बांधण्याआधी ती ओल्या, घट्ट वाळूवर पुरत्या मापाची रेखायची आणि जो जिथे बसणार त्याला तिथे बसवून त्याचा हात, पाय, मूठ मोजायची, ही त्या सुतारांची रीत होती. माणूस वाळूतल्या होडीत बसल्याखेरीज त्याचे वल्हे कुणी तासत नसे. दुसऱ्याच्या मापाचे वल्हे पाठ मोडते, असे ते मानीत.

दुसऱ्या दिवशी पाणी दूर गेले होते. सामिदत्ताने दोन खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि काठीने थोरली रेखली, नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत. सहा जागा आखल्या. ती रेघ पाहून कान्हिलाचा ऊर भरून आला. तो लगबगीने आत जाऊन सगळ्यांत मागे, आपल्या जागी बसला. तिस्स "आई गं" म्हणत खाली टेकला. नंदक आजोबाच्या जागी बसला. सामिदत्ताने तिघांची मापे घेतली आणि दोरीला गाठी मारल्या. मग तो पहिल्या रिकाम्या जागेपाशी येऊन बसला.

"इथे कोण?"

"सुदंत," कान्हिल म्हणाला. "त्याचे पाय लांब. त्याच्या पुढची फळी हातभर पुढं घे."

"कसा बसायचा तो?"

कान्हिलाने बसून दाखवले. मग बोलू लागला. सुदंताने पहिल्यांदा घोळ मासा ओढला तेव्हा तो मासाच त्याला ओढत होता, ते सांगितले. सामिदत्त ऐकत होता. त्याने भद्रकाबद्दल विचारले, इसिदासाबद्दल विचारले. तिस्सही बोलू लागला. इसिदासाने एकदा कालवणात मिठाऐवजी खाडीचे पाणीच ओतले होते, ते सांगून दोघे म्हातारे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दुपार कलली. नंदकाने बापाबद्दल एवढे कधी ऐकले नव्हते. तो गुडघ्यांना मिठी मारून ऐकत राहिला.

शेवटी कान्हिलाच्या लक्षात आले की दोरीला नवी गाठ एकही पडलेली नाही.

"गाठ मार ना रे. सगळं सांगितलं तुला."

"ऐकलं मी सगळं," सामिदत्त म्हणाला. "पण माप घ्यायला समोर हात लागतो, कान्हिला. सुदंताच्या जागी कुणाला तरी बसव."

कान्हिलाने इकडेतिकडे पाहिले. काठावर चार माणसे बघायला उभी होती, पण प्रत्येकाची आपापली होडी होती. कुणी पुढे आले नाही.

मित्ता पाण्याचा घडा घेऊन तिथेच उभी होती. तिने घडा खाली ठेवला, पदर खोचला आणि रेघ ओलांडून ती सुदंताच्या जागी जाऊन बसली. बाईने मासेमारीच्या होडीत पाऊल ठेवायचे नाही, ही त्या गावची पिढ्यान्‌पिढ्यांची चाल. काठावरची माणसे चपापली.

"दादा, माझं माप घ्या," ती म्हणाली.

"मित्ता, ऊठ," कान्हिल म्हणाला. "बायका होडीत बसत नाहीत."

"रिकामी जागाही नुसती बसत नाही, भावोजी. ती बाकीच्यांना ओढावी लागते." ती बोलतच राहिली. "हे गेले त्या दिवशी भद्रकदादा तापानं पडले होते. इसिदासभाऊ परदेशी गेलेले. दोन वल्ही आडवी ठेवून तुम्ही चौघं गेलात. वारा फिरला आणि चौघांच्यानं थोरली वळेना. तुम्हाला ह्यांची हसण्याची तऱ्हासुद्धा आठवते, एवढंच कसं आठवत नाही? आता तीन वल्ही आडवी ठेवून माझ्या लेकाला नेणार. मग त्यातलं एक मी ओढते. त्याला एकट्याला नाही जाऊ देणार."

कान्हिलाला आठवत नव्हते असे नाही. सुदंत उभा राहून सगळ्या अंगाचा भार वल्ह्यावर टाकीत होता. तो भार दोन माणसांचा होता, आणि वल्हे मोडले तेव्हा तो त्याच्याबरोबर गेला. कान्हिलाने इतकी वर्षे त्या दिवसाला आपल्या मनातल्या होडीत बसू दिले नव्हते. त्याने समोर पाहिले. नंदकाची पाठ दिसत होती. ती पाठ अगदी सुदंताची होती.

"ती होडी बांधली नाही, तर तो बसायचा कुठं गो?" कान्हिल म्हणाला, आणि सगळ्यांदेखत लहान मुलासारखा रडला.

मित्ताही रडू लागली.

बऱ्याच वेळाने कान्हिल उठला आणि वाळूतली रेघ पुसायला त्याने पाय उचलला. सामिदत्ताने त्याचा हात धरला.

"पुसू नकोस. एवढी बांधलीय, तर बसू या तिच्यात."

असे म्हणून तो स्वतः भद्रकाच्या जागी बसला. इसिदासाची जागा त्यांनी मोकळी ठेवली. तो कुठेतरी जिवंत असेल, असे तिस्स म्हणाला. मित्तालाही कुणी उठवले नाही. भरती लागली होती. पाणी पहिल्यांदा नाळेच्या रेघेला भिडले, मग आत आले, मग एकेकाच्या मांडीखालून खेळू लागले. कान्हिलाने जुन्या सवयीने वल्ह्यांची हाळी दिली आणि पाचही जण रिकाम्या हातांनी एकदम पुढे वाकले. रेघ दिसेनाशी झाली तरी ते बसूनच होते. पाणी कमरेपर्यंत चढले तेव्हा तिस्स म्हणाला, "दाजी, होडी गळतेय."

कान्हिल हसला. मग सगळे उठून काठावर आले.

दुसऱ्या दिवशी तिघांची धाकटी होडी रेखली. घड्यात जे उरले त्याचे जाळे आले, दोर आले, तांदूळ आले. सागाचा लांब ओंडका सामिदत्ताने विकून टाकला. सहा वल्ह्यांची होडी त्याच्या हातून त्या जन्मी झालीच नाही. नंदक त्या धाकट्या होडीत मासे मारीत म्हातारा झाला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, एका भिक्षूला सांगितली. तो आपल्या पाच मित्रांसह संघात आला होता. मित्र एकेक करून गेले, आणि हा सभागृहात त्यांची आसने मांडून ठेवी, तिथे कुणाला बसू देत नसे. नव्याने आलेले तरुण भिक्षू बाहेर उन्हात बसत. इतर भिक्षू त्याच्याशी वाद घालून थकले, तेव्हा शास्ते स्वतः येऊन त्याच्या शेजारी बसले आणि त्याच्याकडून त्या पाचांच्या आठवणी ऐकून घेऊन मगच बोलले.

कथा संपवून त्यांनी जन्मांचा मेळ सांगितला, "त्या वेळचा कान्हिल म्हणजे तूच. तिस्स म्हणजे तुला रोज चिडवणारा हा तुझ्या शेजारचा वृद्ध भिक्षू. मित्ता म्हणजे काल दारात उभी राहून 'माझा मुलगा उन्हात का बसतो' असे विचारणारी उपासिका, आणि नंदक म्हणजे तिचा तो मुलगा. सामिदत्त सुतार मी होतो."

मग ते म्हणाले, "दुसऱ्याला त्याच्या दुःखातून ओढून काढण्याची घाई न करणे, पाणी चढेपर्यंत त्याच्या शेजारी बसणे आणि मग त्याच्याबरोबर उठणे, याला करुणा म्हणतात."

तो भिक्षू उठला, दारापाशी गेला आणि बाहेर उन्हात बसलेल्यांना म्हणाला, "आत या. जागा आहे."