नाखव्यांचा सलाम

पीर मुबारकशाह बाबा तेव्हा कोकणातल्या खारशेत या खाडीकाठच्या गावी मुक्कामाला होते. लहानथोर कुणीही समोर आलं, की बाबा आधी स्वतः सलाम करत आणि नाव विचारून घेऊन आदराने हाक मारत.

जाळी विणणारा जकरिया बोलताना फार अडखळे. सारं गाव त्याला ‘अडक्या’ म्हणे. बाबांनी प्रथम ‘जकरियासाहेब’ म्हटलं, तेव्हा आपल्यामागे कोण उभं आहे म्हणून त्याने वळून पाहिलं.

मशिदीत अजान देणारे वृद्ध गृहस्थ वारले. बाबा म्हणाले, “जकरियासाहेब, आता अजान तुम्ही द्यायची.”

बंदरावर ही बातमी पोचली. गलबताचे मालक शमसुद्दीन नाखवा हसत बाबांकडे आले. जकरिया तिथेच होता.

“बाबा, अडक्याने पहाटे अजान सुरू केली तर ती दुपारच्या जेवणापर्यंत पुरेल.”

“नाखवासाहेब, वाईट नावांनी कुणाला हिणवू नका, हे अल्लाहचं फर्मान आहे.”

“मस्करी हो! त्याला कुठे राग येतो?”

रागवायचं म्हटलं तरी बोलावं लागतं. जकरिया मान खाली घालून जाळं विणत राहिला.

दुसऱ्या दिवशी नाखवा गलबत घेऊन समुद्रावर गेले आणि परतायच्या वेळेला दाट धुकं उतरलं. खाडीच्या तोंडाशी खडक होते. किनाऱ्यावर मशाली पेटल्या, पण दहा हातांवरूनही त्या दिसेनात. नाखव्यांच्या बीबी वाळूत बसून दुआ मागू लागल्या. सूर्य बुडाला, मगरिबच्या अजानची वेळ झाली.

“जकरियासाहेब, चला,” बाबा म्हणाले.

जकरिया मशिदीच्या ओट्यावर चढला. कानांवर हात ठेवले. ओठ थरथरले, पण पहिला शब्दच निघेना.

“सावकाश, साहेब,” खालून बाबा म्हणाले. “आम्ही थांबलो आहोत.”

आणि काय नवल! आवाज उठला तो न अडखळता, साऱ्या खाडीवर पसरत गेला. बाबा डोळे मिटून ऐकत राहिले.

थोड्या वेळाने गलबत काठाला लागलं. ओलेचिंब नाखवा धावत आले.

“चहूकडून नुसत्या लाटा ऐकू येत होत्या, बाबा. मग अजान आली. जणू गलबतावरच कुणी उभं राहून देत होतं. तिच्या दिशेने सुकाणू धरलं.” ते बाबांच्या पायांवर वाकले.

बाबांनी त्यांना उठवलं. “झुकायचं त्या एकापुढे. सलाम यांना करा.”

नाखवा जकरियाकडे वळले. “अस्सलामु अलैकुम...” आणि थांबले. जन्मभर एकाच आळीत राहून त्यांना या माणसाचं नाव ठाऊक नव्हतं.

“भाई,” ते हळूच म्हणाले, “आपलं नाव काय?”

“ज... ज...” जीभ पुन्हा अडकली होती.

छातीवर हात ठेवून, मान लववून, नाखवा ते नाव पुरं होईपर्यंत उभे राहिले.