जिथे शिवी पोचत नाही

"शिवी ऐकू येणार नाही अशी जागा कुठली, वस्ताद?"

विचारलं आणि माझं मलाच हसू आलं. पण याच प्रश्नाने मला कित्येक रात्री झोप लागू दिली नव्हती, आणि सीझन तिकिटं वाटायचा तो शेवटचा दिवस होता.

वस्ताद तालमीतल्या हौद्याच्या कठड्यावर पाय सोडून बसले होते. खाली कुस्तीची तांबडी माती. मांडीवर तिकिटांचा गठ्ठा, रबर लावलेला.

"कुणाला ऐकू यायला नको?"

"शरूला."

शरू माझी मुलगी. आठ वर्षांची. ती दारापाशी एक लाकडी मुद्गल दोन्ही हातांनी हलवून बघत होती. मुद्गल हलत नव्हता.

"आन् शिवी कुणाला?"

"तिच्या बाबांना."

संग्राम, माझा नवरा, तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. त्याला चेंडूवर झेप घ्यायला याच मातीत वस्तादांनी शिकवलेलं.

"शिव्या देतंय कोण?" त्यांनी विचारलं. जसं काही त्यांना माहीतच नव्हतं.

"आपलेच लोक."

"मग बरोबर हाय. दुसऱ्याच्या कीपरला कोण कशाला शिव्या दील?"

मी सांगलीची. लग्न होऊन कोल्हापूरच्या या पेठेत आले, तेव्हा मला वाटायचं फुटबॉल हा खेळ आहे. इथे प्रत्येक तालमीचा आपला फुटबॉल संघ असतो आणि स्टेडियमच्या गॅलरीत आपापला भाग असतो. हंगामाच्या सुरुवातीला जी जागा घ्याल, तिथेच शेवटच्या मॅचपर्यंत बसायचं. जागा बदलली की संघ हरतो म्हणतात. आमच्या घरात यावर कुणाचाच विश्वास नाही, आणि कुणीच जागा बदलत नाही.

म्हणून तिकिटं वस्ताद स्वतः देतात. प्रत्येकाला समोर बसवून, विचारून.

"मी बघून आले आहे," मी म्हटलं. "रिकामं स्टेडियम. वेगवेगळ्या जागी बसून बघितलं. माझ्या दिराला, धैर्यशीलभावजींना, आपल्या गॅलरीत उभं करून ओरडायला लावलं."

"काय वरडला?"

"शिव्याच. दुसरं काही एवढ्या मोठ्याने ओरडता येत नाही म्हणाले."

वस्तादांच्या मिशा हलल्या.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. अंतर वाढलं की आवाज कमी होतो, एवढं मला पुस्तकातून ठाऊक होतं. भावजी निघून गेले की धीर कमी होतो, हे त्या दिवशी कळलं.

"मग सापडली जागा?"

"दोन सापडल्या. एक वरच्या टोकाला, छपराखाली. सावली आहे, पाण्याचा नळ जवळ आहे, बाहेर पडायचं दार पण..."

"आन् दुसरी?"

"समोरच्या तालमीच्या गॅलरीत."

दारात दोघे पैलवान लंगोट पिळत होते. त्यांचे हात थांबले.

"म्हणजे बसायचं नाही," मी घाईने म्हटलं. "नुसता विचार केला. तिथे संग्रामला कुणी शिव्या देत नाही."

"बस की," वस्ताद शांतपणे म्हणाले. "संग्रामनं गोल खाल्ला की तुझ्या पोरीच्या भोवतीनं टाळ्याच टाळ्या. पेढंपण देतील."

पैलवानांनी हसू दाबलं. मी नाही दाबलं, कारण मला ते आलंच नाही.

मागच्या हंगामात सेमीफायनलला साधा, सरपटत आलेला चेंडू संग्रामच्या हातांतून निसटला. मग आमच्या गॅलरीने तोंड सोडलं. संग्रामच्या आईपासून माझ्यापर्यंत घरातलं कुणी राहिलं नाही. ज्या बाई संक्रांतीला माझ्या हातावर तिळगूळ ठेवतात, त्यांनी माझ्या मागच्याच पायरीवरून माझ्या नवऱ्याला हातात बांगड्या भरायला सांगितलं. बसल्या जागेवरून, माझ्याच खांद्यावर हात ठेवून.

मी शरूचे कान दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरले, ते मॅच संपेपर्यंत.

घरी आल्यावर ती त्या मॅचबद्दल एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. तिने किती ऐकलं, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. आणि या वर्षी, भात कालवता कालवता, म्हणाली, "माझं तिकीट काढा."

तिला नेणार हे मी ठरवलं होतं. पण तिच्या कानात त्यातलं काही जाऊ द्यायचं नाही, हेही ठरवलं होतं. मी फार गोष्टी ठरवणारी बाई नाही. जी ठरवते ती सोडत नाही.

"छपराखालचं द्या," मी म्हटलं. "दोन."

वस्तादांनी गठ्ठ्याला हात लावला नाही.

"कान धर," ते म्हणाले.

"कुणाचे?"

"तुझं. सोताचं."

लग्नाला दहा वर्षं झाली तरी सासरच्या तालमीत सगळ्यांसमोर कान धरायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. मी पर्स मांडीत घेतली आणि धरले.

"घट्ट. पोरीचं धरलंवतंस तसं."

मी घट्ट दाबले. आत नुसती घरघर.

वस्तादांचे ओठ हलले. थांबले. पुन्हा हलले. मग त्यांनी हाताने खूण केली आणि मी कान सोडले.

"पयल्यांदा तुला शिवी दिली," ते म्हणाले. "मग शाबास म्हनलो. कुठली अडली?"

"दोन्ही."

"हं."

एवढंच. मग ते काठी उचलून मातीत रेघा ओढू लागले. एक मोठा चौकोन. दोन्ही टोकांना दोन दोन खड्डे, ते गोलपोस्ट. भोवतीने गॅलरीच्या पायऱ्या, वरच्या टोकाला छपराची रेघ.

"संग्राम बोलतोय का गं मैदानात?"

"बोलतो म्हणजे?"

"किती वर्सं मॅची बघतीस?"

मी पर्सचा बंद सारखा केला.

"कीपर सारखा बोलतोय, सूनबाई. सोड, माझा, मागं बघ, डावा सुटला. समदं मैदान त्यालाच दिसतंय ना. त्याचं तोंड बंद झालं की पोरं आंधळी." त्यांनी काठी एका गोलपोस्टच्या मागे टेकवली. आमच्या तालमीची गॅलरी. "अर्धा येळ तो हितं, आपल्या म्होरं असतोय. हितं समदं ऐकू येतंय त्याचं."

"आणि छपराखाली?"

"तिथं पाण्याचा नळ हाय."

त्यांनी मान वळवली. "शरे, हिकडं ये."

शरू मुद्गल सोडून आली.

"गेल्या साली सेमीफायनलला काय ऐकलंस गं?"

जे मी एवढे महिने विचारलं नव्हतं, ते त्यांनी दुकानात साखर मागावी तसं विचारलं.

"गोल झाल्यापासून काहीच नाही," शरू म्हणाली. "आईनं कान धरलेले."

मी श्वास सोडला.

"मग काय बघितलंस?"

"बाबांचं तोंड हलत होतं." तिने आठवून सांगितलं. "जाळीतला चेंडू काढायला वळले ना, तेव्हा. मला वाटलं ते मला काहीतरी सांगायलेत. मी आईला म्हटलं सोड, सोड. पण मला माझंपण ऐकू येत नव्हतं. आणि आईचे हात कापत होते."

"मग इचारलं न्हाईस घरी?"

शरूने माझ्याकडे पाहिलं.

"विचारलं असतं तर आई परत घाबरली असती."

पैलवान लंगोट घेऊन बाहेर गेले. त्यांना बाहेर काही काम नव्हतं.

वस्तादांनी काठी तिच्या हातात दिली. "तुझी जागा दाव."

"तिला उन्हाचा त्रास होतो," मी म्हटलं. "ती तशी..."

"तिला तोंड हाय."

मातीत उतरून दाखवायला हवं होतं. या हौद्यात बायकांनी उतरायचं नाही अशी पाटी कुठे नाही, पण कुणी उतरतही नाही. मी शरूचा दंड धरला आणि वस्तादांकडे पाहिलं. ते आता काय म्हणतात...

"चपला काढ," ते शरूला म्हणाले.

तिने चपला काढल्या आणि उडी मारली. पाय घोट्यापर्यंत मातीत गेले. चौकोनाला वळसा घालून ती छपराखाली जाऊन उभी राहिली. तिथून गोलपोस्टकडे पाहिलं. समोरच्या तालमीत गेली, तिथूनही पाहिलं. मग सरळ चालत आमच्या गॅलरीत आली. खालून दुसऱ्या पायरीवर, बरोबर गोलच्या मागे, फतकल मारून बसली आणि काठी शेजारी रोवली.

"इथं."

ही तीच जागा होती. तीच पायरी. मागे त्या तिळगुळवाल्या बाई.

"शरू, तिथे नको," मी म्हटलं. "मागच्या वेळी काय झालं तुला माहीत नाही. तिथे लोक फार घाणेरडं बोलतात. बाबांना बोलतात."

"मला माहितेय. धीरूकाका शाळेत सोडताना सांगतो."

धैर्यशीलभावजींशी घरी गेल्यावर बोलायचं मी ठरवलं.

"बाबांनी परत गोल खाल्ला तर?"

"तर खाल्ला."

"आणि लोक परत..."

"आई," ती मातीत बसूनच म्हणाली, "बाबा तिथं उभे राहतात. मी नुसती बसणार आहे."

छपराखालची जागा अजून शिल्लक होती. मी हो म्हटलं असतं तर वस्तादांनी ती दिलीही असती. मग हंगामभर बदलता आली नसती.

वस्तादांनी रबर काढलं. अंगठा जिभेला लावून एक तिकीट सोडवलं, त्याच्या मागे पायरी आणि जागा लिहिली, आणि कठड्यावरून वाकून ते शरूच्या हातात दिलं. माझ्या हातात नाही. तिने ते फ्रॉकच्या खिशात टाकलं आणि खिशावर मातीचा हात ठेवून बसली.

मग ते माझ्याकडे वळले.

"तिची जागा झाली, सूनबाई. आता तुझी कुठली?"

मी छपराकडे पाहिलं. म्हणजे मातीतल्या त्या रेघेकडे... माझे हात पर्सवर होते. त्यांच्याकडे कुणी बघू नये असं मला वाटत होतं.

शरू उठली नाही. तिने शेजारची काठी उपटली आणि तिथली माती तळव्याने सारखी केली.

"तिला पण इथंच द्या," ती म्हणाली. "तिचे कान मी धरते."